'होता'च्या जागी 'होती'

तीनशे बारा पानं झाली होती
आणि रघुवीर तोडणकर, पालिकेचा चावीवाला,
पहाटे साडेतीनला भंडारवाड्याच्या टाकीखाली
व्हॉल्व्हचे आटे मोजत उभा होता.
एकवीस आटे माझगाव, चौदा डोंगरी.
त्याचं सगळं मला ठाऊक होतं,
कुठल्या गुडघ्यात कळ येते तेसुद्धा.

एकशे चाळिसाव्या पानावर
कळशी घेऊन आलेली कुणी एक बाई,
नावसुद्धा दिलं नव्हतं तिला,
जाता जाता म्हणाली,
"आज दोन आटे कमी फिरवलेस."

बस, एवढंच.
पाइपाच्या आवाजावरून कळलं होतं तिला.
त्यानंतर रघुवीरच्या हातात
चावी नीट बसेचना.
महिनाभर मी दुर्लक्ष केलं,
मग एका रविवारी चावी तिला दिली,
नाव दिलं: सुगंधा घाडी.

संगणकाला सांगितलं,
'होता' शोध, 'होती' घाल.
चारशे सत्त्याण्णव बदल, पापणी लवायच्या आत.
वाचायला बसलो तर
नळ सुरू होती,
मुकादम विडी ओढत होती,
भाऊच्या धक्क्याला समुद्र शांत होती.
(हे शेवटचं मी दोन दिवस तसंच ठेवलं.)
'नव्हता' मात्र यंत्राच्या हाती लागला नाही,
तो जिथल्या तिथे:
सुगंधा घरी नव्हता.

मग हाताने सुरुवात केली.
'रघुवीर काही न बोलता घराबाहेर पडला.'
सहा शब्द.
सुगंधाला पडताच येईना.
सासू अंथरुणातून म्हणाली, कुठं?
धाकटीला ताप, दूध उतू जायच्या बेतात,
जिन्यात तिसऱ्या मजल्यावर
कुणीतरी दार किलकिलं केलं, लावलं नाही.
सहा शब्दांची साडेचार पानं झाली
आणि ती अजून फाटकाशीच.

शिवाय, तीनशे बारा पानांत
कुणालाच कधी लघवीला लागली नव्हती,
हे मला आत्ता कळत होतं.
चौकीमागे एक संडास आहे, कुलूपबंद.
अर्ध्या माझगावचं पाणी जिच्या मुठीत
तिला ती एक किल्ली
मुकादमाकडे मागायला जावं लागतं,
आणि तो आधी घड्याळ बघतो.

रघुवीरच्या वस्तू तिच्यापुढे मांडल्या.
विजेरी घेतली. छत्री घेतली, काडी मोडकी असूनही.
खोकला नको म्हणाली.
आणि बाप,
सव्वीस पानांचा, जे.जे.च्या वॉर्डात वारलेला बाप,
तो तिने हातानेच बाजूला सारला.
"माझा आहे. वेंगुर्ल्याला.
रोज रात्री फोन करून पाऊसपाणी विचारतो."

ती सव्वीस पानं चांगली उतरली होती.
त्यांत मुलगा धावत जिना चढतो,
वेळेवर पोचतो,
चमच्याने पाणी घालतो तोंडात.
मी पोचलो तेव्हा
खाटेवरची चादर बदलून झाली होती.
हे तिला कुणी सांगितलं असेल?
की तेही आवाजावरून?

पानं खालच्या खणात ठेवली आहेत.
फाडली नाहीत.

रघुवीरला आता मी रांगेत उभं केलंय,
पान एकशे चाळीस,
नाव काढून, 'एक माणूस' एवढाच.
संवाद दिला नाही.
त्यानेही मागितला नाही.
बादली खाली ठेवून तो तिच्या हातांकडे बघतो,
आटे मोजतो बहुतेक, ओठ हलतात.

तिसऱ्या खर्ड्यात काल पुन्हा एक सापडला,
पान दोनशे आठ: 'ती घरी नव्हता.'
पेन्सिल टेकवली, उचलली.
बाहेर अजून अंधार.
सव्वाचारला मोरीतला नळ
दोनदा खोकला, छातीतून,
मग थोडं तांबूस पाणी, मग स्वच्छ.
मी उठून बादली लावली.